अर्ध्याला तू हात दे

केतकी बारा दिवसांची होती, तेव्हा सुदर्शन त्रिभुवननं आपल्या आईकडून एक शब्द घेतला होता. पडेगावच्या घरात पाळण्याशेजारी उभा राहून तो म्हणाला होता, "माय, तुझं चर्च, तुझी प्रार्थना तुझ्यापाशी. मी आडवा येणार नाय. पण पोरीच्या कानावर यातलं काही घालायचं नाय. मोठी झाली की तिचं ती बघंल."

आवडाबाईंनी पाळण्याची दोरी थांबवली, लेकाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

ते ‘बरं’ त्यांनी चौदा वर्षं पाळलं. रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून, रिक्षात बसून त्या एकट्याच छावणीतल्या चर्चला जायच्या आणि दुपारी येऊन भाकरी थापायला बसायच्या. नात विचारायची, "आजी, तिथं काय करतेस गं?" तर म्हणायच्या, "बसते जरा." सून प्रमिला नाताळला सासूबरोबर जाऊन यायची, तेही नवऱ्याला दुखवायचं नाही म्हणून फार न बोलता. घरात गाणं नव्हतं की प्रार्थना नव्हती.

हे सुदर्शनला जमलं होतं, पण सोपं नव्हतं. कारण त्याचं लहानपण सगळं गाण्यातच गेलं होतं. त्याचे वडील कडुबा छावणीत माळीकाम करायचे. दर शनिवारी संध्याकाळी ते ढोलकी खांद्याला लावून, बायकोला सायकलच्या कॅरिअरवर आणि पोराला दांडीवर बसवून गंगापूरकडच्या एखाद्या गावी निघायचे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून कडुबांनी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टींची गाणी रचली होती. आवडाबाई एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. मग बसलेले सगळे मिळून मागची, म्हणजे तिच्यामागून येणारी, ओळ उचलायचे. मारुतीच्या पारापर्यंत आवाज जायचा म्हणतात.

सुदर्शन एकोणीस वर्षांचा असताना कडुबांच्या पोटात गाठ निघाली. मंडळीनं चाळीस दिवस उपास धरला. सुदर्शननंही धरला. रोज पहाटे गुडघ्यावर बसून तो बापासाठी रडला. एक्केचाळिसाव्या दिवशी कडुबा गेले. कबरीवर माती पडत होती आणि लोक गात होते, तेव्हा भर गाण्यातून तो उठून चालता झाला. नंतर त्यानं आईला एवढंच विचारलं, "दादांना एकदा तरी वाटलं का गं, की हे सगळं पोकळ आहे?" आवडाबाई गप्प राहिल्या. त्यानं त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या मनानं लावला, आणि ते दार बंद केलं.

पुढं तो वाळूजच्या एका कंपनीत लागला. तिथं तयार झालेले सुटे भाग मोजायचे. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी माल बाजूला काढायचा. हे काम त्याला मनापासून आवडायचं. जे आहे ते मोजता येतं, आणि मोजता येत नाही त्यावर भांडायचं कशाला, असं तो म्हणायचा.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी चहा गाळता गाळता आवडाबाईंच्या हातातून पातेलं सुटलं. घाटी दवाखान्यात अकरा दिवस काढून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. डोळे सगळं ओळखत होते, कान सगळं ऐकत होते, पण तोंडातून "अं... अं..." याच्यापलीकडं काही येत नव्हतं. पाणी म्हणता येईना, केतकी म्हणता येईना. आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही हे दिसलं की त्या डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायच्या. एवढी सोशीक बाई, पण एकदा त्यांनी काचेची वाटी भिंतीवर भिरकावली. केतकीनं तुकडे गोळा केले, आणि मग न्हाणीत जाऊन रडली.

बोलणं शिकवायला निलोफर नावाची एक तरुण मुलगी होती. आठवड्यातून दोनदा तिच्याकडं न्यायचं. ती पेल्याचं, खाटेचं, चपलेचं चित्र दाखवायची. तीन आठवड्यांत एकही शब्द फुटला नाही. एके दिवशी तिनं चित्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजी पहले गाती थी क्या? म्हणजे गाणी म्हणायच्या का घरात?"

"नाही," केतकी चटकन म्हणाली. "आजीनं कधीच गाणं म्हटलं नाही."

सुदर्शननं मान खाली घातली. मग म्हणाला, "म्हणायची. लई म्हणायची. मीच बंद केलं."

निलोफर फक्त म्हणाली, "बोलण्याची जागा डोक्यात एकीकडं असते, गाण्याची थोडी दुसरीकडं. कधी कधी तिथं शिल्लक राहतं. गाके देखो, भैया. तुम्ही सुरुवात करा."

सुदर्शननं सुरुवात केली नाही. घरी येऊन त्यानं ती गोष्टच काढली नाही.

चार दिवसांनी पहिली पाळी संपवून तो घरी आला. गाडी लावली आणि हेल्मेट काढायला हात वर नेला, तसाच थांबला. खिडकीतून आवाज येत होता. थोडा चिरका, म्हातारा, पण प्रत्येक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ.

*भर दुपारी विहिरीवरी कोण गं बसला वाटसरू,*
*घोटभर पाणी दे गं बाई, तहान लागली, काय करू...*

तो धावतच आत गेला. केतकी खाटेजवळ दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "पप्पा! आजी बोलतेय! गातेय! विहिरीचं काहीतरी!"

आवडाबाईंनी लेकाकडं पाहिलं आणि पुन्हा तीच ओळ म्हटली. घोटभर पाणी दे गं बाई. म्हणताना त्यांचे डोळे कोपऱ्यातल्या माठावर होते. सुदर्शनला कळायच्या आधी पोरीला कळलं. तिनं पेला भरून आणला आणि ओठांना लावला. आवडाबाईंनी पेलाभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं, डोळे मिटले, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"ही पाणीच मागत होती," केतकी पुटपुटली. मग बापाकडं वळून म्हणाली, "पप्पा, तो वाटसरू कोण? विहिरीवर का बसला होता?"

"आहे एक गोष्ट."

"सांगा की."

सुदर्शननं हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं. त्याला टाळता आलं असतं. पण आईचे डोळे त्याच्यावर लागले होते. त्या डोळ्यांत मागणं नव्हतं, नुसतं वाट पाहणं होतं. तो म्हणाला, "एक बाई व्हती. गावातल्या बाया तिला बरोबर घेत नसत. म्हणून ती भर उन्हात एकटीच पाण्याला यायची..."

गोष्ट सांगून झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

पुढच्या खेपेला निलोफरनं हे ऐकलं आणि ती खुर्चीतच मागं रेलली. "गाणं येणं मी पाहिलंय. पण जे हवंय त्याचंच गाणं शोधून काढणं..." ती थांबली. "आजी, माशाल्ला," असं म्हणून तिनं आवडाबाईंचा हात आपल्या कपाळाला लावला.

मग घराचं सगळं बोलणं गाण्यांतून होऊ लागलं. एकदा सकाळी आवडाबाई थरथरत म्हणू लागल्या, *नाव हाले, वारा सुटे, काळजाचं झालं पाणी. उठा उठा हो धनी माझे, निजले कसे तुफानी.* केतकीनं कंपनीत फोन लावला. "पप्पा, आज नावेचं गाणं आहे. म्हणजे काय हवंय?" सुदर्शन मशिनच्या घरघराटातून बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिला आणि पाच मिनिटांत त्यानं वादळाची गोष्ट सांगितली. "ती भ्यालीय बेटा. तिच्याजवळ बस. हात धर." केतकीनं हात धरला आणि थरथर थांबली. एका संध्याकाळी केतकीला क्लासहून यायला उशीर झाला, तर आवडाबाईंनी दाराकडं बघत धरलं, *नव्व्याण्णव आली घराला गं, शंभरावं कुठं राहिलं.* प्रमिलाला हसू आलं आणि रडूही. केतकी दारात पाऊल टाकते तोच गाणं थांबलं. त्या रात्री जेवताना शंभर मेंढरांची गोष्ट झाली.

अशा किती गोष्टी झाल्या, कोणी मोजल्या नाहीत. सुदर्शनला आधी वाटत होतं की आपण औषध दिल्यासारखं करतो आहोत. आईला काय हवंय ते कळावं म्हणून अर्थ सांगायचा, एवढंच. पण सांगता सांगता त्याचा आवाज बदलायचा. एकदा आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट सांगताना तो मध्येच थबकला. "गर्दी म्हणली, गप ए," हे वाक्य ज्या हेलात त्याच्या तोंडून आलं, तो हेल त्याचा नव्हता. तो कडुबांचा होता. सव्वीस वर्षांनी बाप आपल्या घशातून बोलतो आहे असं त्याला वाटलं, आणि त्यानं उठून उगीचच पंखा बंद केला.

केतकीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. "पप्पा, आजी एक ओळ म्हणून थांबते का?"

"मागच्यांनी उचलावी म्हणून."

"मागचे कोण?"

"असायचे. बसलेले सगळे."

"मग आता कोण उचलणार? तिला वाट बघावी लागते. तुम्हाला येते ना मागची ओळ?"

त्याला सगळ्या येत होत्या. पण त्यानं त्या नुसत्या बोलून दाखवल्या, सुराशिवाय, मापं वाचून दाखवावीत तशा. केतकीनं त्या पाठ केल्या आणि आजीबरोबर गायला लागली. आवडाबाई ओळ टाकायच्या, नात उचलायची. सुदर्शन दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचा, पण तोंड उघडायचा नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी तो आईची नखं काढत बसला होता. आवडाबाई त्याच्याकडं बघत होत्या. बघता बघता त्यांनी अगदी हळू एक चाल धरली.

*बाप आला लेकरू घेऊन, म्हणे, धन्या, ऐक जरा;*
*अर्धा माझा विश्वास पुरा, अर्धा राहिला अधुरा...*

आणि थांबल्या.

सुदर्शनच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं. हे गाणं त्याला माहीत नव्हतं. बापाचं एकूण एक गाणं पाठ असलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. मागची ओळ त्याच्याकडं नव्हतीच.

"पप्पा, मागं काय?" केतकीनं विचारलं.

"ठाऊक नाय."

आवडाबाईंनी पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबल्या. मग तिसऱ्यांदा. ओळीच्या शेवटी त्या लेकाकडं अशा बघायच्या की त्याला नजर वर करवेना. चार दिवस हेच चाललं. पाण्याचं गाणं नाही, नावेचं नाही. सुदर्शन समोर आला की हेच. शेवटी केतकीनं आजीच्या जुन्या डायरीतून नंबर शोधून मनकर्णाबाईंना फोन लावला. मनकर्णाबाई आवडाबाईंच्या लहानपणच्या मैत्रीण, गंगापूरच्या पुढं राहणाऱ्या. एकेकाळी मागची ओळ उचलणाऱ्या बायांमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

दुसऱ्याच दिवशी त्या एसटीनं आल्या. हातात हरभऱ्याच्या टहाळाची जुडी, पाठीला बाक. भेटताच दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मग आवडाबाईंनी डोळे पुसले आणि तेच धरलं. अर्धा माझा विश्वास पुरा, अर्धा राहिला अधुरा. आणि मनकर्णाबाईंनी बसल्या जागेवरून, श्वास न घेता, उचललं:

*अर्ध्याला तू हात दे, धन्या, अर्ध्याला तू हात दे.*



"मावशी," सुदर्शन म्हणाला, "हे गाणं कुणाचं?"

"कुणाचं म्हंजे? तुझ्या बापाचं."

"दादांचं? मी कसं ऐकलं नाय मग?"

मनकर्णाबाईंनी टहाळ खाली ठेवला. "लेकरा, तू उपासाला बसला व्हतास ना, तवाचं हे. दवाखान्यात पडल्या पडल्या रचलं त्यांनी. एक दिस मी भेटाया गेले तर म्हणले, मनकर्णा, समद्या मंडळीला माझा इश्वास लई मोठा वाटतो. पर आता रात रात जागा असतो आन् वाटतं, वर कुणी ऐकतंय का नाय? हे बोलायचं कुणापाशी? मग शास्त्रातला तो बाप आठवला म्हणले, आजारी पोराला घेऊन आल्याला. त्यानं तोंडावर सांगितलं का माझा अर्धाच हाय. आन् त्याला हाकलून नाय दिलं."

सुदर्शन खाटेच्या कडेला बसला.

"तुझ्या मायला म्हणले, हे सुदर्शनला दे. त्याला माझ्याहून जास्त लागंल. पर तू कबरीवरून निघून गेलास. माय म्हणली, आता गाणं घेऊन मागं लागले तर पोरगं मलाबी सोडंल. मग दर साल आमच्याकडं आली का मळ्यात बसायची आन् तुझं नाव घेऊन हेच म्हणायची. मी उचलायची. सव्वीस साल उचललं, बाबा."

सुदर्शननं आईकडं पाहिलं. सव्वीस वर्षं तो समजत होता की बाप डोळे झाकून विश्वास ठेवत गेला, आणि म्हणूनच त्याला बापाचा राग होता. डोळे उघडे होते. बापही त्याच्यासारखाच रात्र रात्र जागा होता, आणि त्या अंधारातूनच त्यानं हाक मारली होती. इतक्या दिवसांत आईला ‘पाणी’ म्हणता आलं नाही, नातीचं नाव घेता आलं नाही. होतं नव्हतं ते सगळं वाहून गेलं आणि खाली हे राहिलं; जे द्यायचं राहून गेलं होतं ते. काहीतरी फार मोठं आपल्या एवढ्याशा खोलीत येऊन उभं आहे, आणि आपण त्याच्यासमोर चपला घालून बसलो आहोत, असं त्याला वाटलं. त्यानं खरोखरच वाकून चपला काढल्या.

आवडाबाईंनी पुन्हा ओळ टाकली. या वेळी मनकर्णाबाई गप्प राहिल्या. केतकीनं तोंड उघडलं, तर त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

सुदर्शननं घसा दोनदा खाकरला. मग फाटक्या, बेसूर आवाजात तो म्हणाला, "अर्ध्याला तू हात दे, धन्या..." आणि पुढचे शब्द हुंदक्यात गेले. आवडाबाईंचा डावा हात वर आला. त्यांनी तो लेकाच्या गुडघ्यावर ठेवला आणि कडुबांच्या ढोलकीचा ठेका धरला. ओळ पुरी होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

यानंतर सुदर्शन फार बदलला असं नाही. रोज प्रार्थना करू लागला असंही नाही. पण मार्चमध्ये केतकी म्हणाली, "पप्पा, मला चर्चला जायचंय. आजीचे मागचे लोक बघायचेत," तेव्हा तो म्हणाला, "जाऊ." आणि थोड्या वेळानं, "सगळेच जाऊ."

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी पहाटे सगळी मंडळी छावणीजवळच्या कबरस्तानात जमते. आदल्या दिवशीच लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, फुलं घालून ठेवतात. अजून उजाडलं नव्हतं. सुदर्शननं आणि प्रमिलानं आवडाबाईंची चाकाची खुर्ची कडुबांच्या कबरीपाशी नेली. केतकीनं मेणबत्ती लावली. तिच्या शेजारी एक लागली, पलीकडं दहा लागल्या, आणि बघता बघता कुंपणापर्यंत सगळी जमीन दिव्यांनी भरून गेली. सुदर्शन बघतच राहिला. ज्या जागेला तो सव्वीस वर्षं नुसती माती समजत होता, तिथं आज माणसं आपल्या मेलेल्यांना जागं करायला आल्यासारखी उभी होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि क्षणभर शांतता झाली. तेवढ्यात कुणी सांगितलं नसताना आवडाबाईंनी मान वर केली. त्यांचा आवाज त्या थंड हवेत सरळ वर गेला; पहाटे प्रभूच्या कबरीवर गेलेल्या बायांचं गाणं होतं ते.

*धोंड कुणी लोटली गं बाई, एवढी मोठी धोंड?*

त्या थांबल्या. सुदर्शननं श्वास घेतला. आता केतकीला ओळ सांगायला हवी होती. पण त्याच्या आधीच डावीकडून, उजवीकडून, मागून, कुंपणाजवळच्या अंधारातून, जुन्या कबरींपासून नव्या कबरींपर्यंत, म्हाताऱ्यांनी, बायांनी, जीन्स घातलेल्या पोरांनी, शेदीडशे गळ्यांनी ती उचलली. ते उत्तर त्याच्या छातीवर येऊन आदळलं. या सगळ्यांना येत होतं. त्यानं आपल्या घरात बंद केलं तेव्हाही ही माणसं दर साली इथं उभी राहून उचलत होती. आपण थांबवलं म्हणून हे थांबलं, असं तो इतकी वर्षं कशाच्या जोरावर समजत होता?

आवडाबाईंनी दुसरी ओळ टाकली, तिसरी टाकली. पूर्वेकडं आभाळ फिकट होऊ लागलं. केतकी टाचा उंचावून सगळीकडं बघत होती; तिचे डोळे भरले होते आणि तोंड उघडंच राहिलं होतं. मग आवडाबाईंनी एक ओळ अशी म्हटली, जी घरी कधी आली नव्हती.

"पप्पा," केतकी त्याचा शर्ट ओढत कुजबुजली, "याच्या मागं काय?"

सुदर्शननं आठवून पाहिलं. नव्हतं.

"मला ठाऊक नाय," तो म्हणाला.

पलीकडच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं ते ऐकलं. ती वाकली, केतकीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं ओळ सांगितली, आणि केतकीनं ती बाकीच्यांबरोबर उचलली.